सर्व्हिस डॉग आणि अमेरिकेतलं हॉटेल

श्वानप्रेमींनो, आज जरा कायद्याचं बोलू. अमेरिकेत अपंगत्व असलेल्या माणसासाठी एखादं ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग. अंध मालकाला वाट दाखवणं, कर्णबधिर माणसाला आवाजाची सूचना देणं, फिट आली की सांभाळणं, अशी कामं. तो पाळीव प्राण्यांत मोजलाच जात नाही. 'पेट्स नॉट अलाउड' ही पाटी त्याला लागू नाही.

१९९० च्या एडीए या अपंगत्वविषयक कायद्यानुसार काम काय ते उघड दिसत नसेल, तर रिसेप्शनवर दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? आजार विचारायचा नाही, सर्टिफिकेट मागायचं नाही, 'करून दाखवा' तर नाहीच. त्यामुळे ऑनलाइन विकत मिळणारी ती चकचकीत ओळखपत्रं निव्वळ पैशाचा चुराडा!

पेट फी नाही. खोलीत केस गळले म्हणून सफाईचे पैसेही नाहीत. मात्र सोफा कुरतडला तर भरपाई द्यावी लागू शकते, इतर पाहुण्यांसारखीच. 'कुत्र्यांसाठीच्या' खोल्यांतलीच एक घ्या, असंही म्हणता येत नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसतं ते हे: कुत्र्याला खोलीत एकटं सोडून जेवायला जायचं नाही. तो कायम मालकाच्या ताब्यात हवा. सोबत न्या की, हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्येही त्याला प्रवेश आहे.

आणि हो, नुसत्या मानसिक आधारासाठी असलेला लाडोबा यात बसत नाही.