शंभर कशाचे? साखर कारखान्याच्या लॅबमधली दिवसपाळी

सकाळी 8. रात्रपाळीच्या केमिस्टकडून लॉगबुक ताब्यात घेतो. पहिल्या मिलचा रस, मिश्र रस, क्लिअर ज्यूस, सिरप, मळी, प्रत्येकापुढे ब्रिक्स आणि पोल असे दोन आकडे. ब्रिक्स 15 म्हणजे 100 ग्रॅम रसात 15 ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ, पोल म्हणजे त्याच 100 ग्रॅम रसातली साखर. इथे लिटर चालत नाही. तापलेला रस फुगतो, निवला की आकसतो. वजन मात्र तेवढंच राहतं.

8.30. मिश्र रसाचा नमुना येतो. उंच नळीत ओतला की आधी फेस वर येतो. हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, मग ब्रिक्स हायड्रोमीटर अलगद सोडायचा. तो नळीच्या काचेला टेकला तर आकडा खोटा. आमचा हायड्रोमीटर 27.5 अंश सेल्सिअसला जुळवलेला. रस 31 अंशांवर असेल तर तो थोडं कमी दाखवतो, म्हणून तक्त्यातली दुरुस्ती मिळवायची.

9.15. त्याच रसात लेड सबअसिटेट घालून गाळून घेतला, नितळ रस पोलॅरिमीटरच्या नळीत भरला. पोल 12.6 निघाला. शुद्धता काढायची तर 12.6 भागिले या रसाचा ब्रिक्स 15, गुणिले 100, म्हणजे 84. पोलमधले 100 रसाचे होते, शुद्धतेतले 100 त्यातल्या घन पदार्थांचे. नव्या ट्रेनीला मी एवढंच विचारायला लावतो : टक्के दिसले की आधी ‘शंभर कशाचे?’

10.30. इव्हॅपोरेटरवरून फोन. मिलवाल्यांनी चिपाडावरचं पाणी वाढवलंय, सिरप पातळ येतंय. हिशेब सरळ आहे. 15 ब्रिक्सच्या 100 टन रसात 15 टन घन पदार्थ. 60 ब्रिक्सचं सिरप करायचं तर ते 25 टन भरणार, म्हणजे 75 टन पाणी उडवायचं. तोच 15 टनांचा ऐवज 14 ब्रिक्सच्या रसातून आला तर रस 107 टन होतो आणि पाणी 82 टन. ब्रिक्स एकाने उतरला की सात टन जादा पाण्याला वाफ लागते. पाणी अजिबात मारलं नाही तर साखर चिपाडातून जाते. त्यामुळे मिलवाले आणि बॉयलरवाले यांच्या भांडणात आमचा आकडा मध्यस्थ असतो.

12. मळी. काळी, चिकट, हायड्रोमीटर तिच्यात उभाच राहत नाही, म्हणून दहापट पातळ करून मोजायची. ट्रेनीने काट्यावर 100 ग्रॅम मळी घेतली आणि 1000 ग्रॅम पाणी ओतायला निघाला.

“एकूण किती होईल रे?”

“अकराशे, साहेब.”

“आणि गुणणार कितीने?”

“दहाने... म्हणजे पाणी नऊशेच पायजे.”

हा शंभरचा फरक किरकोळ नाही. 88 ब्रिक्सची मळी 900 ग्रॅम पाण्यात 8.8 दाखवते. 1000 ग्रॅम पाण्यात ती 8 वर येते, आणि दहाने गुणलं की कागदावर मळी 80 ब्रिक्सची होते. मापाच्या भांड्याने 100 मिलिलिटर घेतली तर घोळ आणखी मोठा, कारण ती भरते 140 ग्रॅमच्या आसपास.

2. उद्या इव्हॅपोरेटरच्या सफाईसाठी गाळप थांबणार. कॉस्टिकचं 10 टक्क्यांचं द्रावण हवंय. 100 किलो पाण्यात 10 किलो कॉस्टिक टाकलं तर ते 9.09 टक्केच होतं, कारण भागायचं 110 ने. बरोबर माप 90 किलो पाणी, 10 किलो कॉस्टिक. तेही पाण्यात कॉस्टिक, थोडं थोडं. द्रावण चांगलंच तापतं.

3.30. पाळीचा रिपोर्ट. आदल्या दिवसाचा उतारा, म्हणजे उसातून हाती आलेली साखर, 11.5 टक्के. इथे शंभर उसाचे. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. दशांशाकडे लक्ष का ठेवायचं, हे ट्रेनीला वेगळं सांगावं लागत नाही.

4. गेटवर ओळखीचे एक शेतकरी काका गाठतात. “साहेब, शेतात दुर्बीण लावली तवा 21 लागला हुता. कारखान्याचा साडेअकराच कसा?” हँड रिफ्रॅक्टोमीटरला सगळे दुर्बीणच म्हणतात. मी सांगतो, “काका, ते 21 शंभर ग्रॅम रसातले. त्यात साखरेबरोबर ग्लुकोज, क्षार, डिंकही आले. साडेअकरा आहेत शंभर किलो उसातले, आणि उसात तेरा-चौदा किलो नुसते चिपाडाचे तंतू असतात. वर दोनेक किलो साखर चिपाड, प्रेसमड आणि मळीतून जाते. शिवाय हा उतारा एकट्या तुमच्या उसाचा नाही, गव्हाणीत पडलेल्या सगळ्यांच्या उसाचा.”

काका जरा विचार करतात. “मग शेजाऱ्याचा कोवळा ऊस आधी तोडला, त्याचा मार आमाला बी?”

बसतो. त्यांचा हिशेब चुकलेला नाही.