छोट्या ट्रॅक्टरसाठी जुनी ट्रॉली : घेण्यापूर्वी हे पाहा

आपल्यातील अनेक लहान व्यापाऱ्यांच्या दारात आता छोटा ट्रॅक्टर उभा दिसतो. बागेतला माल रस्त्यापर्यंत आणणारे बागवान, विटा-वाळू पोहोचविणारे, भंगारवाले, मंडपवाले अशा सर्वांना पंधरा ते वीस अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर सोयीचा पडतो. तो अरुंद गल्लीत शिरतो आणि डिझेलही बेताचेच खातो. पण ट्रॅक्टर घेतानाच जवळचे भांडवल संपते आणि ट्रॉलीची पाळी आली की "सध्या जुनी पाहू" असे ठरते.

जुनी ट्रॉली घेण्यात गैर काहीच नाही. चांगली पारखून घेतली तर ती वर्षानुवर्षे चाकरी करते. अडचण अशी की ट्रॅक्टर घेताना चार जणांना विचारणारा माणूस ट्रॉलीचा सौदा मात्र चहा पिता पिता उरकतो. नवा रंग पाहिला, टायरला लाथ मारून पाहिली आणि बयाणा दिला! एखादा अपघात झाला की मग कळते की स्वस्तात घेतलेली ट्रॉली घरादारावर आली. म्हणून या सौद्यातील महत्त्वाच्या गोष्टी येथे देत आहोत.

ट्रॅक्टर किती वजन थांबवू शकतो?

"माझा ट्रॅक्टर तीन टन सहज ओढतो," असे आपण ऐकतो. सपाट रस्त्यावर तो ओढेलही. पण आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भरलेली ट्रॉली थांबविण्याचे सारे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पडते. या छोट्या ट्रॅक्टरांचे स्वतःचे वजन पाऊण ते एक टनाच्या आसपास असते. त्यामागे चार टनांचा बोजा लावला तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

मोठ्या ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली पुष्कळदा छोट्या ट्रॉलीच्याच भावात मिळते. "एका फेरीत जास्त माल जाईल" या मोहाने ती घेऊ नये. कंपनीच्या पुस्तिकेत ट्रॅक्टरमागे किती वजन चालते ते दिलेले असते. छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा आकडा बहुधा दीड टनाच्या आसपास असतो.

दीड टन म्हणजे किती माल? एक वीट तीन किलोची धरली तर पाचशे विटा. पन्नास किलोची गोणी धरली तर कांद्याच्या तीस गोण्या. वाळूचा हिशेब तर अधिकच दगा देणारा. एक घनफूट वाळू सुमारे ४५ किलो भरते. सात फूट लांब, चार फूट रुंद आणि सव्वा फूट उंच फाळक्यांची ट्रॉली काठोकाठ भरली की ३५ घनफूट, म्हणजे १,५७५ किलो झाले. ट्रॉलीचे स्वतःचे वजन वेगळेच. शंभर घनफुटांचा पूर्ण ब्रास साडेचार टनांच्या घरात जातो. छोट्या ट्रॅक्टरने तो एका फेरीत नेण्याचा विचारही करू नये. सौदा पक्का करण्यापूर्वी रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यावी. थोड्या खर्चात पुढचा सगळा हिशेब कळतो.

पाहणी दिवसा करावी, मिस्त्री आपला असावा

ताजा रंग दिसला की अधिक सावध व्हावे. ट्रॉलीखाली वाकून चासी पाहावी. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी लावून मोजावे. दोन्ही मापे सारखी नसतील तर चासी वाकडी आहे. उसाच्या वाहतुकीत राबलेल्या ट्रॉल्यांची चासी मधोमध दबलेली असू शकते, ती लांबून एका रेषेत नजर लावून पाहावी. तळाच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. खत वाहिलेल्या ट्रॉलीचा पत्रा वरून धड दिसला तरी खालून गंजलेला असतो.

एकेक चाक जॅकवर उचलून हाताने हलवावे. ते डुगडुगले तर बेअरिंग गेले आहे किंवा सैल आहे. फिरविताना घरघर झाली तर हब उघडून पाहावा. पाट्यांपैकी एखादा तुटलेला नाही ना, यू-बोल्ट घट्ट आहेत ना, हे पाहावे. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुन्या टायरचे रबर तडकलेले असू शकते.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे हुक आणि तिचा दांडा. पिन ज्या भोकात बसते ते घासून लांबट झाले असेल तर ब्रेक दाबताच ट्रॉली हिसके देते. दांड्यावर पट्टी मारून वेल्डिंग केलेले दिसले तर त्याचे कारण विचारावे. पिनेला वरून कुलूपकाटा आणि जोडीला मजबूत साखळी हवीच, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली मोकाट सुटत नाही. ट्रॅक्टरचा ओढदांडा आणि ट्रॉलीचा हुक यांची उंची जुळते का तेही तेथेच जोडून पाहावे. उंची जुळत नाही म्हणून वरच्या लिंकला ट्रॉली जोडणे फार धोक्याचे. त्याने पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

कागदाशिवाय सौदा नको

"ट्रॉलीला कसले कागद?" हा गैरसमज पुष्कळांचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते आणि त्याचे वेगळे आर.सी. बुक असते. चासीवर कोरलेला क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. क्रमांक घासलेला किंवा वेल्डिंगखाली दडलेला असेल तर भाव कितीही कमी असो, ती ट्रॉली सोडून द्यावी. चोरीच्या मालात आपले भांडवल तर जातेच, इज्जतही जाते.

विकणाऱ्याकडून नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात. ट्रॉलीवर कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हवे. परराज्यातील ट्रॉली असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.कडे कळवायचे असते. "नाव नंतर करून घेऊ" असे म्हणत वर्षे जातात.

याचा फटका विकणाऱ्यालाही बसतो. हातोहात विकल्या गेलेल्या एका वाहनाच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव आहे, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक आणि भरपाईही त्याच्याच माथी. म्हणजे विकून टाकलेल्या ट्रॉलीने केलेल्या अपघाताचे पैसे जुन्या मालकाला भरावे लागू शकतात. ट्रॉली ताब्यात देताना तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सह्यांचा कागद करावा. निम्मे पैसे आता आणि निम्मे हंगामानंतर असा सौदा असेल तर तेही त्यातच लिहावे. ओळखीच्या माणसाबरोबर लिहिण्याचा संकोच वाटतो, पण पुढे तोंड फिरविण्यापेक्षा तो संकोच परवडला.

विमा : व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे

ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येते असे समजू नये. पॉलिसीत ट्रॉलीचा क्रमांक लिहिलेला आहे का आणि तिचा हप्ता भरला आहे का, हे पाहावे. मालकी बदलल्यावर विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा.

दुसरी गोष्ट याहून मोठी. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर आणि ट्रॉली भाड्याच्या किंवा व्यापाराच्या मालासाठी वापरली तर विमा कंपनी हात वर करू शकते. २००४ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भाजी विक्रीसाठी बाजारात नेणे हे शेतीचे काम मानले नाही आणि भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर ठेवली नाही. आपला धंदा वाहतुकीचा असेल तर नोंदणी आणि विमाही त्याच कामाचा असला पाहिजे. चार पैसे जास्त पडतील, पण अपघातानंतर घर विकण्याची वेळ येणार नाही.

ट्रॉलीत माणसे बसवू नयेत. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात शेतमजुरांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा जीव गेला. मजूर असोत की वऱ्हाडी, त्यांच्यासाठी दुसरे वाहन पाहावे.

कारागीर बंधूंना दोन शब्द

ट्रॉली दुरुस्त करणारे वेल्डर आणि मिस्त्री यांच्यात आपले अनेक बांधव आहेत. गिऱ्हाईक म्हणेल, "वरून पट्टी मारा, विकायचीच आहे." अशा वेळी तुटलेल्या हुकाला नुसते वेल्डिंग करून देऊ नये, भागच बदलावा. चासीचा क्रमांक झाकेल असे कोणतेही काम करू नये. फाळके उंच करून मागितले तर वाढीव बोजा कोण थांबवणार, हे विचारावे. एखादे काम हातचे जाईल, पण "या मिस्त्रीच्या हातची ट्रॉली डोळे झाकून घ्या" असा लौकिक झाला तर त्याची कमाई आयुष्यभर पुरते.

शेवटी भाव

टायर, बेअरिंग, पत्रा, नाव बदलणे आणि विमा यांचा खर्च कागदावर मांडून तो मागितलेल्या किमतीत मिळवावा. एकूण रक्कम नव्या ट्रॉलीच्या जवळ जात असेल तर थोडे थांबून नवीच घेणे बरे. ट्रॉली घरी आल्यावर मागे लाल रिफ्लेक्टर आणि चकाकती पट्टी लावावी. रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडावेत, आणि डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. विकणाऱ्याने खोट आधी सांगावी आणि घेणाऱ्याने पारखून घ्यावी. अशा सौद्यातच दोघांनाही बरकत असते.