कांद्याच्या मुळाशी विषाची परीक्षा

पाणी जिवंत पेशींना घातक आहे का, हे पाहायला एक कांदा पुरतो. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी 1938 मध्ये कांद्याच्या मुळांवर कॉल्चिसीनचा परिणाम तपासला. तीच पद्धत आज वर्गांत चालते. आपल्या कळलावीतही असणारं कॉल्चिसीन हे विष, विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रं ओढणारे धागेच बनू देत नाही. मग कांद्याच्या पेशीत 16 ऐवजी 32 गुणसूत्रं दिसू लागतात!

नवा रायपूरच्या शाळेतही हे सहज जमेल. जुनी मुळं खरडून कांदे ग्लासांच्या तोंडावर ठेवायचे. एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात मोरचुदाचं सौम्य द्रावण, तिसऱ्यात खारून नदीचं पाणी. तीन-चार दिवसांनी मुळांची लांबी पट्टीने मोजायची. मोरचुदातली खुरटलेली असतात. पण पट्टीवर थांबू नये. टोकं सौम्य आम्लात मऊ करून, ॲसिटोकार्मिनने रंगवून, काचपट्टीवर दाबून विभागणाऱ्या पेशी मोजण्यात खरी गंमत आहे. आम्ल मात्र शिक्षकांनीच हाताळावं.

नेमकं कोणतं विष, ते कांदा सांगत नाही. अंबागड चौकीजवळच्या कौडीकसाच्या भूजलातलं आर्सेनिक रासायनिक तपासणीतच कळलं.