काटकसर किनाऱ्यावर, पाण्याखाली नव्हे

समुद्रकिनारी दोन-तीन दिवस राहावं आणि एकदा तरी पाण्याखाली जाऊन मासे पाहावेत, ही हौस आता फक्त परदेशी जाणाऱ्यांची राहिलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवणला, तारकर्लीला आणि देवबागला दर हिवाळ्यात हजारो मराठी कुटुंबं जातात ती याच हौसेपायी. त्यातली बहुतेक मध्यमवर्गीय असतात आणि निघण्याआधी घरात वहीवर हिशेब मांडून निघतात. आजचं बोलणं त्या वहीविषयी आहे. या सहलीत पैसे वाचवायच्या जागा पुष्कळ आहेत. मात्र एक जागा अशी आहे की तिथे वाचवलेला रुपया महाग पडतो. ही जागा कोणती आणि का, ते समजून घेतलं तर बाकीचा हिशेब आपोआप सुटतो.

पहिली बचत तारखेत असते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. मेअखेरीस समुद्र खवळू लागतो, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात आणि पावसाळा सरता सरता पुन्हा सुरू होतात. पण हंगाम सुरू झाला म्हणजे पाणी नितळ झालं असं नव्हे. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. म्हणून पाण्याखाली पाहायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. त्यातही नाताळचा आठवडा आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. जानेवारीतल्या मंगळवारी जी खोली रास्त दरात मिळते, तीच ३१ डिसेंबरला दुप्पट दरातही मिळेल याची खात्री नसते. आणखी एक लक्षात ठेवावं. मालवणजवळच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते. तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे ती दर वर्षी वेगळी असते. जत्रेच्या दिवसांत रेल्वे, एसटी आणि खोल्या सगळंच भरलेलं असतं. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ती तारीख आधी विचारून घ्यावी.

आता घरातली दिनदर्शिका काढा. त्यातली तिथी या सहलीत फार उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. या मोठ्या चढउतारात प्रवाह जोरदार असतो आणि तळाची माती ढवळून निघते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. चढउतार कमी, प्रवाह मंद. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता साधारण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे अष्टमी ते एकादशी या दिवसांत सकाळी भरतीच्या सुमाराचं, खुल्या समुद्रातून आलेलं स्वच्छ पाणी मिळण्याची शक्यता जास्त. हा ठोकताळा आहे, शेवटचा शब्द होडीवाल्याचा. पण खोलीचा दर तोच असताना तिथी पाहून तारीख धरली, तर त्याच पैशात जास्त मासे दिसू शकतात.

सकाळच का? दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा सुटतो. त्या वाऱ्याने लाटा उठतात, होडी हलते, मळमळ सुरू होते. सकाळचं पाणी त्या मानानं शांत असतं. म्हणून पाण्याखाली जायचं ते शक्यतो सकाळच्या पहिल्या फेरीत.

दुसरी बचत प्रवासात. मुंबईहून मालवण रस्त्यानं पाचेकशे किलोमीटर. चार माणसांनी स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेली तर इंधन, टोल आणि चालकाची रात्र मिळून खर्चाचा मोठा तुकडा तिथेच जातो. कोकण रेल्वेनं कुडाळला किंवा कणकवलीला उतरावं. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, कणकवलीहून थोडं जास्त. पुढे एसटी आहेच. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली, तीही हिशेबात धरावी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तेव्हा आधी तिथी, मग रेल्वेचं तिकीट आणि मग खोली, असा क्रम ठेवावा. उलट क्रमानं गेलं की खोली हातात आणि तिकीट प्रतीक्षा यादीत, अशी गत होते.

तिसरी बचत राहण्या-खाण्यात. समुद्र दिसणारी खोली आणि समुद्रापासून पाच मिनिटं चालावं लागणारी खोली यांच्या दरात बराच फरक असतो, आणि खोलीत आपण झोपण्यापुरतेच असतो. तारकर्ली-देवबागला अनेक गावकऱ्यांनी आपल्या घरातच पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. अशा घरगुती निवासात जेवण तिथेच होतं, आणि उद्या किती माणसं जेवणार हे आदल्या दिवशी सांगितलं की घरच्या बाईंनाही सोयीचं पडतं. फोनवर विचारतानाच जेवण धरून दर किती, लहान मुलांचा किती, गरम पाणी आहे का आणि एसटी थांब्यापासून अंतर किती, हे सारं विचारून घ्यावं. जेवणात रोज सुरमई-पापलेटच हवं असा हट्ट धरला तर ताट महाग होतं. बांगडा, तारली, त्या दिवशी जे ताजं उतरलं असेल ते घ्यावं. चवीला ते कुठेही कमी नसतं. शाकाहारी मंडळींनीही काळजी करू नये. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, खतखतं आणि सोलकढी यांवर दोन दिवस मजेत जातात.

करमणुकीचा खर्च तर जवळजवळ शून्यावर आणता येतो. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर ती पाहावी. दोन बाजूंनी माणसं दोर ओढतात आणि अर्धगोल पसरलेलं जाळं हळूहळू वाळूवर येतं. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव पाहावा. किल्ल्याची होडी मात्र चुकवू नये. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला हा जलदुर्ग, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत असलेल्या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे मुलांना पुस्तकापेक्षा तिथे उभं राहून चटकन समजतं. पोहायचं तेवढं गावकऱ्यांना विचारून. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी पाण्याची ओढ मोठी असते. ती वरून दिसत नाही.

इथवर आपण बचत करत आलो. आता ती एक जागा.

सिलिंडरमधल्या हवेवर पाण्याखाली श्वास घेण्याला स्कूबा म्हणतात. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाबरोबर प्राथमिक अनुभव घेता येतो, हे खरं आहे. या अनुभवात फार खोल नेत नाहीत, बहुधा दहा मीटरच्या आतच. त्यामुळे लोक म्हणतात, ‘एवढ्याशा पाण्यात काय होतंय?’ इथेच गैरसमज आहे.

आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, तेवढाच आणखी दाब पाण्याखाली दहा मीटरवर येतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. वीस मीटरवर तो तिप्पट होतो, पण दहावरून विसावर जाताना तो दीडपटीनंच वाढलेला असतो. प्रमाणात पाहिलं तर सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरांतच होतो. दाब वाढला की हवा आक्रसते. कानाच्या पडद्यामागे हवेची पोकळी आहे. ती आक्रसली की पडदा आत ओढला जातो आणि दुखू लागतो. त्यावर उपाय सोपा आहे: नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच हवा कानाकडे ढकलायची. पण हे दर मीटरभर उतरताना, दुखण्याआधी करायचं असतं. सर्दी असेल तर ती वाट बंद असते. त्या दिवशी जाऊच नये, भरलेले पैसे बुडाले तरी.

वर येताना उलट होतं. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आलं, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, त्याला इजा होते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. वाक्य सोपं आहे, पण घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखतो आणि वर पळतो. त्या क्षणी त्याच्या हाताशी शांत डोक्याचा प्रशिक्षक असणं, यासाठी आपण पैसे देतो. कॅमेऱ्यातला फोटो ही वरकड गोष्ट झाली.

आता दर कमी कसा होतो ते पाहा. होडीचं इंधन सगळ्यांना सारखंच लागतं. मग दोघांच्या दरात मोठा फरक पडतो तो बहुतेक तीन ठिकाणी: एका प्रशिक्षकाकडे किती माणसं दिली, आधी शिकवायला किती वेळ दिला, आणि सामान किती जुनं झाल्यावर बदललं. म्हणून दर विचारण्याआधी काही प्रश्न विचारावेत. पाण्याखाली माझ्याबरोबर एक प्रशिक्षक पूर्ण वेळ असेल का? त्याच्याकडे मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र आहे का? उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेता का? सिलिंडर अंगावर असतं की होडीवर ठेवून नळीनं हवा देता? होडीला सागरी मंडळाचा परवाना आणि प्रवाशांचा विमा आहे का? होडीवर प्रथमोपचारासाठी ऑक्सिजन आहे का? प्रकृतीची विचारपूस लेखी करता का? दमा, हृदयविकार, फिट येणं, गर्भारपण यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. आधी डॉक्टरांना विचारावं. दहा वर्षांखालच्या मुलांना स्कूबासाठी नेऊ नये. त्यांना शांत, उथळ पाण्यात नळी-मुखवटा लावून तरंगत मासे पाहू द्यावेत. जो माणूस या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्याकडे स्वस्त असलं तरी जाऊ नये.

होडीविषयीही तेच. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक प्राणाला मुकले. पाण्याखालचं सगळं नीट झालं तरी परतीची दहा मिनिटं उरतात, हे त्यातून शिकायला हवं. लाइफ जॅकेट बसायला नव्हे, अंगात घालून बांधायला असतं, जातानाही आणि येतानाही. होडी भरलेली वाटली तर पुढच्या फेरीला थांबावं.

दिवसांची आखणीही यावरच ठरते. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर तो बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात विमानात बसलं तर दाब आणखी उतरतो. म्हणून एका स्कूबानंतर निदान १२ तास आणि अनेकदा उतरलं असेल तर १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सल्ला दिला जातो. कोल्हापूर-पुण्याच्या मंडळींनी घाटाचीही आठवण ठेवावी. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. तेव्हा तीन दिवसांची सहल असेल तर पहिला दिवस किनारा आणि विश्रांती, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, तिसऱ्या दिवशी किल्ला आणि परतीचा प्रवास. शिवाय दुसऱ्या दिवशी हवा बिघडलीच, तर तिसरी सकाळ हाताशी राहते. मग मात्र घाट किंवा विमान दुसऱ्या दिवसावर ढकलावं. आदल्या रात्री मद्य नको आणि सकाळी पोटाला तडस लागेल इतकी न्याहारी नको.

आपण जे पाहायला जातो त्याविषयी दोन शब्द. मालवणचा हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. इथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. गोलसर प्रवाळ वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर वाढले तरी पुष्कळ. फोटोसाठी पाय टेकला की कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. माशांना बिस्किटं, पाव घालण्याची टूम निघाली आहे. आपण नको म्हणावं. शेवाळ खाऊन खडक स्वच्छ ठेवणारा मासा पावावर जगू लागला की खडकावर शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतो. कायद्यानं २००१ पासून कठीण प्रवाळांना वाघाइतकं संरक्षण दिलं आहे. तेव्हा आठवण म्हणून तुकडा उचलणं किंवा विकत घेणं हा गुन्हा ठरतो.

ज्यांना या अनुभवानंतर खरोखर शिकावंसं वाटेल, त्यांच्यासाठी तीन-चार दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम असतो. तो पूर्ण करणाऱ्याला १८ मीटरपर्यंत जोडीदारासह उतरता येतं. पर्यटन विकास महामंडळानं तारकर्लीत २०१५ मध्ये याच कामासाठी प्रशिक्षण संस्था सुरू केली. दर वर्षी वीस मिनिटांचा अनुभव विकत घेण्यापेक्षा एकदा शिकून घेणं अखेरीस स्वस्त पडतं.

तेव्हा वहीवर हिशेब मांडताना स्कूबाची रक्कम सर्वांत आधी बाजूला काढावी आणि तिला हात लावू नये. उरलेल्या पैशात खोली, प्रवास आणि जेवण बसवावं. ते बसत नसेल तर एक रात्र कमी करावी, गाडीऐवजी एसटी धरावी, पापलेटऐवजी बांगडा खावा. तरीही भागलं नाही, तर या वर्षी चौघांऐवजी दोघांनीच पाण्याखाली जावं आणि उरलेल्या दोघांनी पुढच्या वर्षी. समुद्र कुठे जात नाही.