स्वस्त जिम : फी विचारण्याआधी हेतू ठरवा

वसई, नालासोपारा, विरार ह्यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेर पडले की हल्ली जिमच्या पाट्या दिसतात. वर्षाची फी एकदम भरली तर मोठी सवलत, जोडीने आलात तर आणखी सवलत, असा मजकूर त्यांवर असतो. तीच जाहिरात मोबाईलवरून आगाशी, निर्मळ, गास, भुईगावच्या वाड्यांपर्यंत आणि पूर्वेला पारोळ, भाताण्यापर्यंत पोचते. मग घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, "बाबा, पाच हजार द्या, वर्षाचे काम होईल." बाबा म्हणतात, "वाडीत चार घमेली माती उचल, तोच व्यायाम." आईला तर डॉक्टरांनीच साखर वाढली म्हणून व्यायाम सांगितलेला असतो, पण ह्या वादात तिचे नाव कोणी घेत नाही.

वाचकहो, माती न तपासता खताच्या गोणी आणल्या तर जमिनीला जे कमी आहे ते मिळेलच असे नाही, आणि पैसे मात्र नक्की जातात. जिमचेही तसेच आहे. घरातल्या कोणत्या माणसाला कशासाठी व्यायाम हवा, हे आधी ठरवावे. त्या कामाला लागणारे साधन व वेळ त्या जिममध्ये आहे का, ते पाहावे. फीचा विचार सगळ्यात शेवटी.

स्वस्त म्हणजे वाईट नव्हे

कमी पैशांत शरीर कमावणे आपल्याकडे नवे नाही. गावच्या तालमीत लाल माती, जोर, बैठका आणि एक वस्ताद, एवढ्यावर पिढ्या घडल्या. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले आणि पुढे देशभर नावाजले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकून आले, ते कुस्तीच्या मातीतूनच. तेव्हा गुळगुळीत आरसे आणि थंड हवा नसली म्हणून जिम टाकाऊ ठरत नाही. पण तालमीत वस्तादाची नजर पोरावर असे. स्वस्त जिममध्ये ही नजर बहुधा कमी पडते, कारण थोड्या फीत भाडे आणि वीजबिल भागवायचे तर सभासद जास्त घ्यावे लागतात. ही उणीव आपल्याला चालणार आहे का, एवढेच तपासायचे.

वाडीकाम पुरत नाही का?

वाडीकामाने घाम येतो, दमही लागतो. पण सबंध शरीराला सारखा व्यायाम मिळतोच असे नाही. मोगरा खुडणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते. पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्याचा एकच हात चालतो. त्याच त्या सांध्यांवर रोज तोच ताण येतो आणि बाकीचे स्नायू नुसते राहतात. शिवाय काम पूर्वीचे राहिलेले नाही. बावखलांवरचे रहाट गेले, विजेचे पंप आले. घरातला एक जण पहाटेची लोकल पकडून मुंबईला जातो आणि दिवसभर खुर्चीत बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील माणसांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत. वाडीत राबणाऱ्याची पहिली गरज बहुधा भागलेली असते, दुसरी राहून जाते. लोकलने जाणाऱ्याच्या अनेकदा दोन्ही राहतात.

हेतूप्रमाणे निवड

*पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा किंवा मुलगी.* येथे चूक महाग पडते, कारण वयाची मर्यादा आहे. शिपाईपदासाठी खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षे. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचार होत नाही.

म्हणजे ५० पैकी ३५ गुण धावण्याचे आहेत. ट्रेडमिलचा पट्टा आपल्या पायाखालून आपोआप मागे सरकतो. तेथे वारा नाही, वळण नाही, शेजारून पुढे जाणारा उमेदवारही नाही. ही तयारी मैदानावरच करावी लागते. गावचे मैदान किंवा ओहोटीच्या वेळी राजोडी, कळंबची घट्ट वाळू ह्या कामाला फुकट मिळते. जिमचा उपयोग गोळाफेक आणि १०० मीटरला लागणाऱ्या ताकदीसाठी. त्याला आठवड्यातून दोन दिवस पुरतात. तेव्हा अशा मुलाने ट्रेडमिल किती आहेत हे मोजू नये. वजनी बैठका मारण्याचा स्टँड, लांब रॉड आणि पुरेशा प्लेट्स आहेत का, ते पाहावे. एवढे साध्या जिममध्येही असते. घड्याळ लावून धावून घेणारा मार्गदर्शक मात्र वेगळा शोधावा लागेल.

*साखर किंवा वजन वाढलेली आई, काकी, वहिनी.* स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर वापरतात. म्हणून चालण्याबरोबर थोडे वजन उचलणेही मधुमेहात गुणकारी आहे. ह्या बाईंना भारी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो दुपारचा मोकळा वेळ, बायकांसाठी वेगळी बॅच, कपडे बदलण्याची खोली, परतीच्या रस्त्यावर दिवे आणि सुरुवातीचे काही आठवडे शेजारी उभी राहून शिकवणारी ट्रेनर. ह्यांतले काही नसेल तर फी कितीही कमी असो, महिन्याभरात जाणे बंद पडेल. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांना आधी विचारावे आणि पिशवीत साखर ठेवावी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनीही तसेच विचारून जावे. व्यायाम करताना छातीत दुखले, घेरी आली, तर तेथेच थांबावे.

*कंबर, गुडघे धरलेला वाडीवाला.* ह्याला बैठक कशी मारावी, जमिनीवरून वजन कसे उचलावे, हे नीट शिकवणारा माणूस हवा. गर्दीच्या जिममध्ये सभासदाला बहुधा एकट्यावर सोडतात. तेव्हा दुखणे असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम समजून घ्यावा, मग स्वस्त जिमही चालेल.

*अंग भरावे असे वाटणारा तरुण.* हा स्वस्त जिमचा खरा गिऱ्हाईक. रॉड, डंबेल्स, एक बाक, लटकायची दांडी, एवढ्यावर पहिली दोन-तीन वर्षे सहज निघतात. वजन थोडे थोडे वाढवत नेणे आणि त्याच स्नायूंना पुढच्या कसरतीपूर्वी एक-दोन दिवस विश्रांती देणे, हेच त्यातले मर्म. प्रत्येक दिवशी काय उचलले ते वहीत लिहावे. वही नसली की वाढ झाली की नाही हे कळत नाही.

खरा खर्च कसा काढावा

समजा, महिन्याची फी ८०० रुपये आहे आणि वर्षाची एकदम भरली तर ५,०००. कागदावर वर्षाची फी स्वस्त दिसते, कारण ८०० गुणिले १२ म्हणजे ९,६००. पण मुलगा जानेवारीत जाऊ लागला, आठवड्यातून चार दिवस गेला, आणि मार्चअखेर परीक्षा, लग्नसराई, पुढे पावसाची कामे ह्यांत सुटला, तर दिवस भरले सुमारे ५०. पाच हजार भागिले ५०, दिवसाला १०० रुपये पडले. महिन्याने भरले असते तर २,४०० लागले असते, म्हणजे दिवसाला ४८. उलट वर्षभरात २०० दिवस गेला तर तेच पाच हजार दिवसाला २५ रुपयांवर येतात. म्हणून पहिले तीन महिने महिन्याने फी भरा. वहीतले दिवस मोजा आणि मगच वर्षाचे ठरवा.

ह्यात रिक्षाभाडे धरायला विसरू नका. जाऊन-येऊन ४० रुपये म्हटले तर ५० दिवसांचे २,००० होतात. वाडीतून स्टेशनाकडच्या जिमला जायला-यायला तास मोडत असेल, तर तो तासही खर्चच आहे. लोकलने कामाला जाणाऱ्याने जिम स्टेशन आणि घर ह्यांच्या वाटेवर पाहावी. वाकडी वाट करून माणूस फार दिवस जात नाही.

पाहायला कधी जावे, काय पाहावे

जिम दाखवायला दुपारी अकराला बोलावतील, तेव्हा ती रिकामी असते. तुम्ही ज्या वेळी जाणार त्याच वेळी जाऊन या. संध्याकाळी सात ते नऊमध्ये एका बाकासाठी किती जण थांबलेत ते मोजा. पुढील गोष्टी विचारा :

१. एका बॅचला ट्रेनर किती आणि ते काय शिकलेले आहेत? फीत शिकवणे धरले आहे की त्याचे वेगळे पैसे?

२. हवा खेळती आहे का? आपल्या दमट हवेत मे महिन्यात बंद खोलीत घाम वाळत नाही, शरीर तापते आणि घेरी येते.

३. वीज गेल्यावर काय? नुसती यंत्रे असतील तर काम थांबेल, रॉड आणि डंबेल्सवर चालू राहील.

४. जागा तळमजल्याला, सखल भागात आहे का? जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपाऱ्यात पाणी भरून लोकल बंद पडल्या होत्या, हे विसरू नये. बंद दिवस पुढे वाढवून मिळतात का ते विचारा.

५. बाहेर जायचा दरवाजा मोकळा आहे का, प्रथमोपचाराची पेटी आहे का?

पावती आणि अटी

करासकट एकूण रक्कम किती, ते लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना दर लावलेला नाही ना हे पाहा. सदस्यत्व मध्येच थांबवता येते का, गाव सोडल्यास दुसऱ्याच्या नावावर होते का, जिम बंद पडली तर पैसे कसे परत मिळतील, हे तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या. पक्की पावती जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जिमलाही लागू आहे आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

डबे आणि इंजेक्शने

फी कमी ठेवून पावडरच्या डब्यांवर कमाई करणाऱ्या जिमही असतात. साधारण माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या मुलाला सुमारे ५० ग्रॅम. वजने उचलणाऱ्याला त्याहून अधिक लागतात, पण तीही घरात मिळतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५, तेवढ्याच कोरड्या डाळीत २२ च्या आसपास आणि ताज्या मासळीत जवळपास २०. अर्नाळ्याच्या बाजारातली मासळी आणि घरची डाळ सोडून महागडा डबा घेण्याची गरज सहसा नसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे.

इंजेक्शनाचे नाव निघाले तर मात्र त्या जिमची पायरी पुन्हा चढू नका. स्टेरॉइड आणि रक्तदाब वाढवणारे मेफेंटरमाइन ही डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधे आहेत. व्यायामासाठी टोचून घेतल्यास हृदयावर घाला पडतो. मुलगा अचानक फुगू लागला, चिडचिडा झाला, तर आईवडिलांनी न रागावता पण स्पष्ट विचारावे.

जिम न परवडल्यास

महापालिकेच्या बागांतली खुली व्यायामशाळा अंग मोकळे करायला चांगली. तिच्या यंत्रांत वजन वाढवता येत नाही, म्हणून ताकद काही आठवड्यांपुढे वाढत नाही. घरी गोणीत १० किलो वाळू भरून तोंड नीट बांधा. ती छातीशी धरून बैठका, जमिनीवरून उचलणे, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणे, जोर आणि आंब्याच्या फांदीला लटकणे, एवढे आठवड्यातून तीन दिवस करा. जमू लागले की वाळू दोन किलोने वाढवा.

हे दोन महिने नेमाने केलेत, तर व्यायाम आपल्या अंगवळणी पडला असे समजावे. मग गोणी पुरेनाशी झाली आणि जवळ, वाटेवर, योग्य साधनांची जिम असली, तर फी खुशाल भरावी. आणि आज संध्याकाळी घरात हा विषय निघाला की आईला कोणती वेळ सोयीची आहे, हेही विचारावे.