रिमोटची रेंज घटली? आधी मोटारीकडे बघा

सिडको, गारखेडा, उल्कानगरी अशा भागांत गाडीच्या शटरला नि सरकत्या गेटला मोटार असलेली घरं आता पुष्कळ दिसतात. तक्रार सगळीकडे एकच: पूर्वी गल्लीच्या वळणावरून उघडणारं गेट आता बंपर टेकल्याशिवाय हलत नाही. लोक सेल बदलतात, मग नवा रिमोट घेतात. रेंज मात्र तेवढीच राहते, कारण दोष पुष्कळदा मोटारीजवळच्या रिसीव्हरपाशी असतो.

तो ओळखायला घरातले दोन्ही रिमोट वापरून बघा. दोन्हींची रेंज सारखीच घटली असेल, तर रिसीव्हरची बाजू तपासा. एकाचीच घटली असेल, तर सेल. ‘लाल दिवा लागतो, म्हणजे सेल ठीक’ हे मात्र खरं नाही. तो दिवा उतरलेल्या सेलवरही लागतो. संदेश तेवढ्या जोराने जात नाही. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला सेल लवकर उतरतो.

सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे शटरजवळचा एलईडी बल्ब. स्वस्त बल्बच्या आतलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं आणि त्यातून रेडिओ गोंगाट पसरतो. वरातीच्या बँडजवळ कुणी कुजबुजावं, तशी रिमोटची गत होते. दिवसा रेंज चांगली आणि दिवे लावल्यावर कमी, ही त्याची खूण. बल्ब, कॅमेऱ्याचा अडॅप्टर एकेक करून बंद करून बघा. बाहेरच्या रेडिओ लहरींनी काय होतं, हे अमेरिकेत २००४ मध्ये दिसलं. फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळाच्या परिसरात नव्या लष्करी रेडिओमुळे गॅरेजची दारं उघडेनाशी झाली. दोन्हींची वारंवारता ३९० मेगाहर्ट्झच्या आसपास होती. रिमोट धडधाकट होते.

वायफायवर येणारा आळ बहुधा खोटा असतो. आपल्याकडचे अनेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, तर वायफाय २४०० किंवा ५००० च्या पुढे. रिमोटचा कोड पुन्हा शिकवल्यानेही रेंज वाढत नाही. कोड ओळख पटवतो, जोर देत नाही.

‘जास्त ताकदीचा रिमोट आणू’ हाही फसवा उपाय. अगदी मोकळ्या जागेतही दुप्पट अंतरासाठी चौपट शक्ती लागते, आणि भारतात ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात मर्यादा १० मिलिवॅटची आहे.

त्यापेक्षा रिसीव्हरची अँटेना बघा. ती साधी वायर असते, गुंडाळून पत्र्याच्या डब्यात कोंबलेली किंवा फिटिंगच्या वेळी छाटलेली. ४३३ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, म्हणून वायर त्याच्या पावपट, साधारण १७ सेंटिमीटर हवी. मनाने आणखी लांब केली तर बिघडते. ती सरळ आणि पत्र्यापासून दूर ठेवायची, पण आधी मोटारीचा मेन स्विच बंद करून. शटरच्या ड्रममधल्या स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नका. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो, ते काम शटरच्या मिस्त्रीचंच.