हलते चित्र आणि शिणलेले डोळे

चलत्‌चित्राचे आकर्षण माणसाला नवे नाही आणि त्या आकर्षणापायी डोळ्यांना होणारा त्रासही नवा नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९११ साली मुंबईत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांना या नव्या कलेचा ध्यास लागला. पुढील काही महिने ते दररोज चार-पाच तास चित्रपट पाहत आणि उरलेल्या वेळात घरी प्रयोग करीत. झोप अपुरी पडू लागली. अखेर या अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांची दृष्टी काही काळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. त्यानंतरच ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट रसिकांसमोर येऊ शकला.

फाळके यांना चलत्‌चित्र पाहण्यासाठी चित्रपटगृहात जावे लागे. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तहसिलीचे मोहगावही याला अपवाद नाही. संत्र्यांच्या बागांच्या आणि मराठी बोलीच्या या सीमाभागातही दिवेलागणीनंतर घरोघरी मोबाइलवर खेळ चालतात, चलत्‌चित्रे पाहिली जातात. त्याबरोबर एक तक्रारही सर्वत्र ऐकू येते : "खेळातली गाडी वेगाने पळू लागली की चित्र धूसर होते आणि थोड्या वेळाने डोळे चुरचुरतात."

या तक्रारीवर घरात सामान्यतः दोन निष्कर्ष काढले जातात. मुलाचे डोळे बिघडले, हा एक आणि मोबाइल बिघडला, हा दुसरा. पहिल्यामुळे नको असलेला चष्मा घरात येतो. दुसऱ्यामुळे ज्या मुलाला खरोखर चष्म्याची गरज आहे, त्याची तपासणीच राहून जाते. म्हणूनच पडद्याची अस्पष्टता कोणती आणि डोळ्यांची कोणती, हे ओळखता येणे अगत्याचे आहे.

पडदा चित्र कसे दाखवितो?

चलत्‌चित्र वस्तुतः हलत नाही. एकामागून एक स्थिर चित्रे झपाट्याने दाखविली जातात आणि त्यांतून गतीचा भास निर्माण होतो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. मोबाइलचे साधारण पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात. यालाच ६० हर्ट्झ असे म्हणतात. म्हणजे प्रत्येक चित्र पडद्यावर एका सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १७ मिलिसेकंद, जागच्या जागी थांबलेले असते.

डोळा मात्र थांबत नाही. पळणाऱ्या गाडीचा माग घेताना तो एकसारखा सरकत राहतो. चित्र थांबलेले आणि डोळा सरकता, अशा स्थितीत त्या चित्राची कड डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर पसरत जाते. ओल्या रंगावरून बोट फिरविल्यास रंग जसा फराटतो, तसेच हे घडते. एखादी आकृती पडद्यावरून सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगाने सरकत असेल, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर तिची कड सुमारे १६ पिक्सेल इतकी पसरलेली दिसते. १२० हर्ट्झच्या पडद्यावर हाच पसारा निम्म्यावर, म्हणजे ८ पिक्सेलवर येतो. या गतिजन्य अस्पष्टतेला इंग्रजीत मोशन ब्लर म्हणतात. निरोगी डोळ्यांनाही ती दिसते. किंबहुना डोळे गतीचा माग नीट घेत आहेत, म्हणूनच ती दिसते.

जुन्या, काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचात ही अडचण फारशी जाणवत नसे. त्यात पडद्यावरील प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून लगेच मावळत असे. त्यामुळे चित्र दृष्टिपटलावर पसरण्यास अवधीच मिळत नसे. त्या संचाची उणीव निराळी होती, ती म्हणजे प्रकाशाची लुकलुक. आजच्या पडद्यांनी लुकलुक बरीच कमी केली, परंतु गतीतील स्पष्टता काही प्रमाणात गमावली.

याखेरीज आणखी तीन कारणे लक्षात घेतली पाहिजेत. एक म्हणजे एलसीडी प्रकारच्या स्वस्त पडद्यांवर बिंदूंना रंग बदलण्यास काही मिलिसेकंद लागतात आणि हलत्या आकृतीमागे सावलीसारखी शेपटी दिसते. दुसरे असे की, साध्या मोबाइलवर जड खेळ चालविला असता तो सेकंदाला जेमतेम ३० नवी चित्रे देतो. पडदा प्रत्येक चित्र दोनदा दाखवितो आणि कडा दुहेरी भासतात. तिसरे कारण आपल्या गावांत विशेष आढळते. इंटरनेटचा जोर कमी झाला की चलत्‌चित्राची प्रत आपोआप उतरविली जाते आणि सारेच चित्र पुसट होते. यांपैकी एकाही कारणाचा डोळ्यांच्या दोषाशी संबंध नाही.

मग डोळे का शिणतात?

अस्पष्ट चित्रातील तपशील टिपण्यासाठी पाहणारा अधिक रोखून पाहतो, मोबाइल आणखी जवळ आणतो आणि पापणी मिटण्याचेही विसरतो. खरा शीण येथून सुरू होतो.

सामान्यतः मनुष्य मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. थर सुकतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि काही वेळा उलट त्यांतून पाणी वाहते. दुसरी गोष्ट अंतराची. जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणारे बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि दोन्ही डोळे आत वळवावे लागतात. मोबाइल वीतभर अंतरावर धरून तासभर खेळणे म्हणजे या स्नायूंना तासभर मूठ आवळून ठेवण्यास सांगणे होय. खेळ संपवून दूर पाहिले असता काही क्षण सारे धूसर दिसते, ते यामुळेच.

काही जणांना वेगवान खेळात मळमळ होते किंवा डोके गरगरते. डोळे सांगतात आपण धावत आहोत, तर कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते आपण बसलेले आहोत. या विसंगतीचा तो परिणाम असतो.

पडद्याच्या गतिजन्य अस्पष्टतेमुळे डोळ्यांना कायमची इजा होते, असा पुरावा नाही. विश्रांती मिळाली की हा शीण उतरतो. परंतु वाढत्या वयातील मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. दीर्घकाळ जवळचे पाहणे आणि उघड्यावर कमी वेळ घालविणे यांचा लघुदृष्टीशी, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याशी, संबंध आढळून आला आहे. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांनी दररोज १२० मिनिटे उघड्यावर राहावे यासाठी मोहीम राबविण्यात आली, ती याच कारणाने.

घरच्या घरी ओळख

मोबाइलवर मजकुराचे एखादे पान उघडावे आणि बोटाने हळूहळू वर सरकवावे. सरकताना अक्षरे पुसट आणि थांबताच ठळक दिसत असतील, तर ती अस्पष्टता पडद्याची होय. थांबल्यावरही अक्षरे अंधुकच राहत असतील, तर डोळ्यांकडे लक्ष दिले पाहिजे.

त्यानंतर भिंतीवरील दिनदर्शिका पुरेशा उजेडात, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, एकेक डोळा तळहाताने झाकून वाचावी. तळहाताचा डोळ्यावर दाब पडू देऊ नये. एका डोळ्याने स्पष्ट आणि दुसऱ्याने अंधुक दिसत असेल, किंवा भावंडांना दिसणारे आकडे एकाच मुलाला दिसत नसतील, तर नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यास विलंब लावू नये. फळ्यावरील मजकूर चुकीचा उतरविणे, डोळे बारीक करून पाहणे, मान तिरपी ठेवणे, दूरचित्रवाणीच्या अगदी जवळ जाऊन बसणे आणि वारंवार डोके दुखणे ही देखील तपासणीची लक्षणे होत. तीव्र वेदना, एकाएकी दृष्टी कमी होणे किंवा बाहुलीत पांढरेपणा दिसणे असे काही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरगुती चाचणी ही केवळ सूचना देते. ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

करण्याजोगे उपाय

पडद्याचे दोष बऱ्याच अंशी विनाखर्च कमी करता येतात. अनेक खेळांच्या सेटिंगमध्ये मोशन ब्लर नावाची सोय असते. ती गतीचा आभास वाढविण्यासाठी मुद्दाम अस्पष्टता घालते, म्हणून ती बंद करावी. चित्रांची सजावट कमी ठेवली की खेळ सेकंदाला अधिक चित्रे देऊ शकतो. मोबाइलचा पडदा ९० किंवा १२० हर्ट्झवर चालत असेल, तर तो पर्याय निवडावा. चित्रपट मात्र मूळ २४ चित्रांचाच असल्याने त्यात यामुळे विशेष फरक पडत नाही. काही पडदे अस्पष्टता घालविण्यासाठी मागचा प्रकाश झपाट्याने बंद-चालू करतात. त्याने ज्यांचे डोके दुखते, त्यांनी ती सोय वापरू नये.

डोळ्यांसाठीचे नियम त्याहून सोपे आहेत. मोबाइल वीतभर नव्हे, हातभर अंतरावर असावा. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडील वस्तूकडे किमान २० सेकंद पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. खोलीत अंधार करून पाहू नये. पडद्याचा उजेड खोलीतील उजेडाशी मिळताजुळता ठेवावा. झोपेच्या वेळी मोबाइल उशाशी नसावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ देऊ नये.

दोन बाबतींत पैसा आणि दृष्टी दोन्ही जपावी. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांची जाहिरात मोठी आहे. परंतु कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अशा चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे दिसून आले नाही. तसेच डोळे लाल झाले म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणून घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास आणि वापर लांबल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा धोका असतो.

शाळा आणि पालक

केंद्र शासनाने १९७६ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दृष्टितपासणीला आणि गरजू मुलांना चष्मे पुरविण्याला स्थान आहे. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दृष्टिदोषाची पाहणी अंतर्भूत आहे. शाळेत तपासणीचे पथक येईल त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये आणि चष्मा सुचविल्यास, विशेषतः मुलीच्या बाबतीत, लोकलज्जेपोटी तो टाळला जाऊ नये, एवढी दक्षता पालकांनी अवश्य घ्यावी. चष्म्याने डोळे अधिक बिघडतात, हा समज निराधार आहे.

मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. चित्र कोठे धूसर होते, हे त्याला विचारावे, त्याच्याबरोबर बसून वर सांगितलेली चाचणी करावी आणि दररोज सूर्यप्रकाशात खेळण्यासाठी त्याला मोकळा वेळ द्यावा. मोहगावसारख्या गावाला शिवार आणि मैदान यांची वाण नाही. पडद्याची अस्पष्टता एका सेटिंगने कमी होऊ शकते. परंतु डोळ्यांची अस्पष्टता वेळीच ओळखली, तरच मुलाला फळ्यावरचे अक्षर दिसणार आहे.